दोरीखालची वाळू

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कुठल्या बाईचा हात कसा चालतो हे तिला विचारावं लागत नाही. सकाळी तिच्या दोरीखालची वाळू बघायची. वाळू साफ असली तर हात साफ. वाळूत बोंबील पडलेले असले, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन-चार कुत्री तिथंच अंग टाकून बसलेली असली, तर त्या बाईचं काही खरं नाही. कोण नीट टांगते नि कोण ढिलं, हे कुत्र्यांना माणसांच्या आधी कळतं. ती उगाच कुणाच्या दोरीखाली बसत नाहीत.

ज्यानं बोंबील फक्त ताटात बघितलाय त्याला थोडं सांगायला हवं. ओला बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. हातात धरला तर हातातून वाहून जातो. तो सुकवायला वाळूत बांबू रोवून, त्यावर आडव्या दोऱ्या ताणून वलांडी बांधतात, आणि दोरीवर बोंबील जोडीनं टांगतात. एकाचा जबडा अंगठ्यानं उघडायचा, दुसऱ्याचा जबडा त्यात सरकवायचा, मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत दोन्ही धरून दाबायचे. सुईसारखे दात एकमेकांत रुततात. एक बोंबील दोरीच्या अलीकडे लोंबतो, दुसरा पलीकडे. गाठ नाही, सुतळी नाही, काही नाही. चिमटीचा दाब बसला तर उत्तरेचा वारा कितीही सुटो, जोडी कडक होऊनच खाली उतरते. दाब कच्चा राहिला तर रात्रीत सुटते. आणि वाळूत पडलेला ओला बोंबील कितीही धुवा, वाळू सोडत नाही. खाणाऱ्याच्या दाताखाली कचकचतो आणि टांगणारीच्या सात पिढ्यांना शिव्या खायला लावतो.

एक रीतही सांगून ठेवतो. पडलेला बोंबील जिचा तिनंच उचलायचा. दुसरीनं हात लावायचा नाही, मदत म्हणूनसुद्धा नाही. लावला तर तो थोबाडीत मारल्यासारखा अपमान धरतात.

या वाळूवर आशालतासारखी टांगणारी नव्हती. नऊ वर्षांची असताना आईच्या शेजारी उभी राहिली, लग्न गावातच झालं, म्हणून वलांडी बदलली पण वाळू तीच राहिली. हातांकडे न बघता टांगायची. तोंडानं दुसऱ्यांच्या घरची भांडणं सोडवायची किंवा लावायची, आणि दोरी भरत जायची. दुसरीची एक दोरी व्हायची तेवढ्यात हिच्या दोन. नवरा जगन्नाथ काविळीनं गेला तेव्हा मुलगा जयवंत चौदा वर्षांचा. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ती दोरीवर उभी. कुणी म्हणालं, महिनाभर तरी बस. ती म्हणाली, बसून काय अंडी घालू? तशी ती. गोड नव्हती. पण तिच्या दोरीखाली कुत्रं बसल्याचं कुणाला आठवत नाही.

पंचेचाळिशीत तिचा उजवा अंगठा गेला. एका दिवसात नाही गेला. आधी डब्याचं झाकण निघेना. मग कुलपाची किल्ली फिरेना. मग पदर पिळताना अंगठ्याच्या बुडाशी, मनगटापाशी, कुणी तापली सळई खुपसल्यासारखं व्हायला लागलं. तिथं हाडाचा उंचवटा आला. बोंबिलाचा जबडा दाबताना प्रत्येक जोडीला एक कळ, अशा दिवसाला हजार-दीड हजार कळा. मिठाचा शेक झाला, एरंडाचं पान बांधून झालं, बिब्ब्याचा डाग देऊन झाला. डाग अजून आहे. चार वर्षं तिनं अशी काढली आणि या चार वर्षांत कुणाला पत्ता लागू दिला नाही, कारण अंगठा म्हातारा झाला म्हणजे बाई म्हातारी झाली, आणि म्हातारीनं दोरीवरून उतरायचं. उतरलेल्या बायका सुरूच्या झाडांखाली बसून जवळा निवडतात आणि सुनांच्या चुका मोजतात. तिथं जाऊन बसण्यापेक्षा खाडीत पडलेलं बरं, असं आशालता उघड म्हणायची.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं फोटो काढला आणि समजावून सांगितलं, अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजून गेलाय, हाडावर हाड घासतंय. तिथलं एक लहान हाड काढून टाकायचं आणि मोकळ्या जागेत तिच्याच हाताची शीर, म्हणजे स्नायूची दोरी, गुंडाळून बसवायची. दुखणं जाईल, असं तो म्हणाला. पुढे असंही म्हणाला की चिमटीचा जोर किती परत येईल ते सांगता येत नाही, अंगठा थोडा आखूड होईल, आणि जड कामाला तो पूर्वीसारखा मिळेल अशी आशा धरू नका. माणूस खरं बोलला. पण आशालतानं ‘दुखणं जाईल’ एवढ्यावर कान बंद केले. चार वर्षं कळा काढलेल्या कुणीही तेच केलं असतं.

बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी ती दाखल झाली. दीड महिना प्लास्टर, मग पट्टा, मग हातात स्पंज घेऊन दाबायचा व्यायाम. दिवाळी सरली, बोंबील यायला लागला, आणि ती दोरीवर आली. दुखतंय का, सगळ्यांनी विचारलं. तिनं चारचौघींत अंगठा वाकवून दाखवला, दाबून दाखवला, दुसरीकडून दाबून घेतला. खरंच दुखत नव्हतं. पूर्वीसारखी दोन दोऱ्यांची घाई जमत नव्हती, पण ती म्हणाली, वयानं माणूस धीमा होतोच. सकाळी सगळ्यांनी पाहिलं, दोरीखालची वाळू साफ.

झालं. त्या दिवसापासून आशालताचा अंगठा म्हणजे गावातला नवसाला पावलेला देव. बायका यायच्या, कापल्याची खूण बघायच्या, बुडाला बोट लावून खळगा चाचपायच्या. दर एक-दोन वर्षांनी इस्पितळातून बोलावणं यायचं, ती जायची, दुखत नाही म्हणून सांगायची. कागदावर तेच उतरायचं. एकदा तिनं असंही म्हटलं होतं, “दुखत नाय, पन कवा कवा धरत नाय.” शिकाऊ डॉक्टरच्या कागदावर दुखण्याला शून्य ते दहा असे आकडे होते. धरण्याला काही नव्हते. त्यानं शून्य लिहिलं. ती पण पुढे काही बोलली नाही. रोज सकाळी वाळू साफ होती, मग बोलायचं कशाबद्दल?

मागच्या गल्लीतल्या अनसूयाचा अंगठा असाच गेला, तेव्हा आशालता स्वतः तिला इस्पितळात घेऊन गेली. अनसूया तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, अबोल बाई, हात चांगला पण तोंड मिटलेलं. तिचंही तेच हाड काढलं, तशीच शीर भरली. तिचंही दुखणं गेलं. पण मोसम सुरू झाला आणि तिसऱ्या सकाळी अनसूयाच्या दोरीखाली कुत्री बसलेली. चौथ्या दिवशीही बसलेली. अख्ख्या दोरीवर मधे मधे दात पडलेल्या जबड्यासारखी फट, आणि खाली वाळूत बोंबील लोळतायत.

अनसूया सांगायची, दुखत नाही पण दाब बसत नाही, कळतच नाही बसला का नाही. बायका म्हणायच्या, मग आशाचा कसा बसतो? एकच डॉक्टर, एकच हाड, एकच हात. आणि एके दिवशी सगळ्या वाळूवर ऐकू जाईल असं आशालता बोलली,

“डॉक्टरान हाड काढला बाय तुजा, आलस काढाचा ऱ्हायला.”

पंचवीस बायका हसल्या. ते वाक्य पुढे गावात चाललं. पोरं अभ्यास करेनात तर आया म्हणायच्या, हाड काढायला नेऊ का? अनसूयानं दोन मोसम रेटले, मग दोरी सोडली. ती सुरूच्या झाडांखाली बसली नाही. आता ती सकाळी बस धरून विरारला उतरते आणि पुढे चंदनसारच्या इमारतींत चार घरची भांडी घासते. भांडी तळहातानं घासता येतात. वलांडीच्या कडेनंच तिचा बसस्टॉपला जायचा रस्ता आहे. आठ वर्षं ती त्या रस्त्यानं जाते, मान वळवत नाही.

आता गोष्ट यंदाच्या जानेवारीची.

आशालताची सून राधिका. जयवंतची बायको, माहेर वसईच्या किल्ल्याजवळचं पाचूबंदर. वय सदतीस, हाडानं मजबूत, बोलणं तोडून. सासू-सुनेच्या दोऱ्या शेजारी शेजारी, किनाऱ्याच्या अगदी टोकाला. राधिका माहेरी जायची ती पावसाळ्यात, होड्या बंद असताना. मोसमात एक दिवस घर सोडत नसे, आणि आशालताला त्याचा अभिमान होता. यंदा मात्र तिच्या बापाला लकवा मारला आणि तिला चार दिवस जावं लागलं.

पहिल्या सकाळी आशालता वाळूवर आली तर तिच्या दोरीखाली तीन कुत्री.

तिनं दगड मारला. कुत्री पंधरा पावलांवर जाऊन बसली आणि वाट बघायला लागली. खाली चाळीसेक बोंबील होते, अर्धे खाल्लेले. अजून कुणी आलं नव्हतं. तिनं भराभर उचलून टोपलीत घातले, वर जुनं जाळं टाकलं आणि पायानं वाळू सारखी केली. मग दोरी चाचपली, वाऱ्याला शिव्या दिल्या. दिवसभर मन लावून टांगलं, एकेक जोडी बघून, आयुष्यात पहिल्यांदा हाताकडे बघत. दुसऱ्या सकाळी कुत्री पाच होती.

त्या सकाळी शेजारच्या दोरीवाली सरोजिनी तिच्याही आधी येऊन बसली होती. सरोजिनी म्हणजे तिच्याच वयाची, चाळीस वर्षं शेजारी टांगणारी, भांडून भांडून सख्खी झालेली. आशालता उचलत राहिली. मग सरोजिनीनं आपल्या टोपल्या सरळ करत सहज विचारलं,

“सून कवा येते?”

“परवा. त्याचा काय?”

“काय नाय. आली म्हंजे ऱ्हाईल वाळू साफ.”

आशालता वाकलेली होती ती तशीच थांबली. सरोजिनीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं की आपण नको ते बोललो.

“मना वाटला तुना ठाव हाय,” ती म्हणाली. “अकरा वरसं झाली, आशे. रोज सांजचा करते ती. तू घरी गेलीस का तुजी सगली दोरी परत दाबते. एकेक जोडी.”

सांज म्हणजे कोणती वेळ ते आशालताला सांगावं लागलं नाही. ऊन उतरलं की राधिका म्हणायची, आय, तू जा, चूल पेटव, मी बोंबील फिरवून येते. सुकायला लागलेले बोंबील फिरवावे लागतात, सगळ्याच बायका फिरवतात, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. सरोजिनी सोडली तर बाकीच्या बायका त्या वेळी होड्या लागतात तिकडे गेलेल्या असायच्या. राधिकाला यायला उशीर व्हायचा. आशालता दर वेळी म्हणायची, फिरवायला एवढा वेळ? हात काय मेणाचे हायत? राधिका ऐकून घ्यायची.

चौथ्या दिवशी राधिका आली. आशालतानं तिला बसू दिलं, चहा होऊ दिला आणि मग सरळ विचारलं. राधिकानंही फिरवून सांगितलं नाही. ऑपरेशननंतरच्या मोसमात पहिल्याच सकाळी ती आधी गेली होती. सासूच्या दोरीखाली वीस-बावीस बोंबील पडलेले. रीत मोडून तिनंच ते उचलले आणि सांजेपासून दाबायला लागली. वाटलं होतं महिना-दोन महिने, अंगठ्यात जोर येईस्तोवर. जोर आलाच नाही.

“सांगितला का नाय मना?”

“सांगितला असता तर तू दोरी सोडली असतीस. नि दोरी सोडून दिवसभर बसनार कुटं? माज्या डोक्यावर.” राधिकानं कप खाली ठेवला. “त्यापरीस बोंबील दाबलेले बरे.”

दोघी थोड्या हसल्या. त्या हसण्यात आशालताला एक गोष्ट दिसली. राधिकानं कपाचा कान चिमटीत धरला नव्हता. दोन्ही तळव्यांत धरला होता, हिवाळ्यात शेकायला धरतात तसा. आणि साखरेचं झाकण तिनं मघाशी छातीशी दाबून, तळव्यानं फिरवून काढलं होतं. आशालतानं चार वर्षं स्वतः हेच केलं होतं, कुणाला कळू न देता. ही खूण या गावात तिच्याइतकी कुणाला ओळखू येणार?

तिनं विचारलं नाही. इथं मला तिची बाजू घेता येत नाही आणि घ्यायचीही नाही. दुसऱ्या दिवशी ती दोरीवर गेली, टांगलं, ऊन उतरल्यावर राधिका म्हणाली, आय तू जा, आणि ती गेली. सगळं ठाऊक असून गेली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सकाळी वाळू साफ. सुनेच्या हाताकडे तिनं बघायचं सोडलं. राधिका भाकरी थापायला लागली की ही पाणी आणायला उठायची. पासष्ट-सत्तर दोऱ्यांच्या त्या वाळूवर आपली एक दोरी, तेवढंच तिला हवं होतं, आणि ते फुकट मिळत नाही हे कळूनही तिनं ते ठेवून घेतलं.

होळीच्या आधी इस्पितळातून फोन आला. ऑपरेशनला दहा वर्षांहून जास्त काळ झालेल्या सगळ्यांना बोलावलं होतं, अंगठे पुढे कसे राहिले ते बघायला. राधिका सोबत गेली. डॉक्टर नवीन, तरुण, मुंबईचा, स्वभावानं बरा. त्यानं फोटो काढला, जुन्याशी ताडून बघितला, अंगठा थोडा खाली बसलाय पण हाडाला हाड लागत नाही म्हणाला. दुखणं किती? शून्य. कपड्यांची बटणं लावता येतात? येतात. किल्ली फिरवता येते? हळू येते. कामात दुसऱ्या कुणाची मदत लागते?

“नाय,” आशालता म्हणाली.

राधिका खिडकीबाहेर बघत होती.

मग त्यानं एक लहान यंत्र दिलं. अंगठा नि बोटाच्या मधे धरून दाबायचं, काटा फिरतो. आशालतानं जीव खाऊन दाबलं. उजव्याला तीन किलो. डाव्याला चार. डाव्या अंगठ्याच्या बुडाशीही झीज सुरू झाली होती, इतकी वर्षं उजव्याचं काम त्यानं ओढलं होतं. डॉक्टर म्हणाला, आजी, तुमच्या वयाला, या ऑपरेशननंतर, हे ठीकच आहे, दुखत नाही हे महत्त्वाचं. कागदावर त्यानं समाधानकारक असं लिहिलं. आणि हसत हसत यंत्र राधिकापुढे धरलं. तुम्ही दाबा बघू, कष्ट करणाऱ्या बाईचा जोर किती असतो ते आजींना दाखवू.

राधिकानं हात मागे घेतला. तो पुन्हा म्हणाला. नाही म्हणायला कारण सुचेना म्हणून तिनं दाबलं. काटा साडेतीनपाशी थरथरला आणि तिच्या तोंडातून हवा बाहेर पडली, फक्त हवा, आवाज नाही.

डॉक्टरचं हसू गेलं. त्यानं तिचा अंगठा हातात घेतला, बुडाशी दाबून जरासा फिरवला. राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवस दुखतंय, त्यानं विचारलं. तीन वर्षं, ती म्हणाली. काम काय करता? बोंबील टांगते. तुमच्या वयाला हे लवकर आहे, तो म्हणाला, इतकं कसं झालं? राधिकानं सासूकडे बघितलं नाही. मच्छीचं काम, होतं असं, एवढंच म्हणाली.

आशालता उठून टेबलाशी गेली.

“ते मगाशी मदत नाय बोलले ना मी,” ती म्हणाली, “ते खोड.”

डॉक्टरनं विचारलं, मदत कधी लागते, कधी कधी का नेहमी? तिनं सांगितलं ते त्याला एका खेपेत कळलं नाही. राधिकालाच ते पुन्हा सांगावं लागलं, की सासूची प्रत्येक जोडी ती परत दाबते, अकरा वर्षं, मोसमात रोज. त्यानं पेन खाली ठेवलं. मग राधिकासाठी पट्टा लिहून दिला, गोळ्या दिल्या, चिमटीचं काम बंद करा म्हणाला. आत्ता बंद केलं तर कदाचित ऑपरेशन लांबेल. बंद केलं तर.

अर्नाळ्याला उतरल्यावर आशालता एवढंच म्हणाली, उद्या सांजच्याला माझ्या दोरीला हात लावायचा नाही. राधिका म्हणाली, आय, मोसमाचे दोन महिने उरलेत, वय झालं म्हणून उतर, कोण काय बोलणार? खरं होतं ते. साठी ओलांडलेली बाई, एवढा नावाजलेला हात. उतरली असती तर बायकांनी मानाचा नारळ दिला असता. आशालता म्हणाली, हात लावलास तर तुझ्या पट्ट्याचे तुकडे करीन.

दुसऱ्या दिवशी तिनं सुकलेले सगळे उतरवून एकटीनं अख्खी दोरी नव्यानं भरली. सकाळपासून दुपार कलेपर्यंत, कुणाशी न बोलता. सांजेला तिनं राधिकाला हाताला धरून घरी नेलं, सगळ्यांच्या देखत. रात्री वारा फार नव्हता. होता तो नेहमीचाच.

सकाळी ती रोजच्या वेळेला आली, आधी नाही. तोवर बायका जमल्या होत्या आणि सगळ्या तिच्याच दोरीपाशी उभ्या होत्या. दोरीवर तिसरा हिस्सासुद्धा उरला नव्हता. जानेवारीत दोरीवर राधिकानं आधी दाबलेल्या जोड्याही होत्या, या खेपेला तिची एकही नव्हती. खाली बोंबील नुसते पसरले होते, आणि कुत्री किती होती ते मोजायची सोय नव्हती. दोन तर खाऊन खाऊन आडवी झाली होती. ती आली तसं कुणी तरी वाट दिली. रीतीप्रमाणे तिनं उचलायला वाकायला हवं होतं. ती वाकली नाही. टोपली उलटी घालून तिच्यावर बसली.

“माजा हाय हा सगला,” ती म्हणाली. “अंगठ्यान कवा धरलाच नाय. सुनेन दाबले म्हनून ऱ्हायले. अकरा वरसं.”

एक-दोघींनी सरोजिनीकडे बघितलं, सरोजिनीनं वाळूकडे. आशालता बसून राहिली. ती कुणाची वाट बघतेय ते हळूहळू सगळ्यांना कळलं, कारण बसची वेळ होत आली होती.

अनसूया रस्त्यानं आली. हातात डब्याची पिशवी. एवढ्या बायका एका जागी बघून तिनं आठ वर्षांत पहिल्यांदा मान वळवली. मग रस्ता सोडून वाळूत उतरली, चपला हातात घेऊन. दोरीखाली येऊन उभी राहिली. खाली बघितलं, वर दोरीकडे बघितलं, टोपलीवर बसलेल्या आशालताकडे बघितलं.

“अनसू,” आशालता म्हणाली, “तुजा आलस नव्हता.”

अनसूयानं वाकून एक बोंबील उचलला. दुसरीचा बोंबील, सगळ्यांसमोर. त्याचा जबडा बोटानं उघडून बघितला, दात तसेच होते, कुठं रुतल्याची खूण नव्हती. तिला ते बघायचं होतं बहुतेक. मग तिनं तो जवळच्या कुत्र्यापुढे टाकला.

“ठाव होता मना,” ती म्हणाली.

एवढंच. पाय झटकून तिनं चपला घातल्या आणि बस धरायला गेली. बस तिला मिळाली. त्यानंतरही ती रोज त्याच रस्त्यानं जाते, आणि मान पूर्वीसारखीच सरळ असते. आशालताशी ती बोलत नाही. बोलावं असं काही झालंय असं तिला वाटत नसावं.

आशालतानं त्याच दिवशी दोरी सोडली. मानाचा नारळ कुणी दिला नाही. जवळा निवडायला ती सुरूच्या झाडांखाली बसते, पण तिथल्या बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. त्यांतल्या एकीला तिचाच अंगठा बघून ऑपरेशनला जायचं होतं, ती आता जात नाही, आणि रात्री कळांनी रडते म्हणतात. त्या बाईला दुखणं तरी गेलं असतं, हे तिला पटवून देणारं आता कुणी नाही. आशालतानं सांगून बघितलं. तिचं कोण ऐकणार?

राधिकानं पट्टा पंधरा दिवस बांधला. ओल्या बोंबलात पट्टा टिकत नाही, आणि जयवंतची होडी रोज येत होती. चिमटीचं काम बंद करा, असं डॉक्टर सांगतो. दोरीवर चिमटीशिवाय दुसरं काम नाही. आता ती एकच दोरी टांगते, थांबत थांबत, डाव्या हातानं उजव्याला आधार देत.

नवा मोसम सुरू झालाय. परवा सकाळी मी वलांडीकडून जात होतो तर राधिकाच्या दोरीखाली दोन कुत्री बसलेली. बायका यायच्या होत्या. आशालता एकटीच तिथं उभी होती, पायाशी टोपली, टोपलीवर जुनं जाळं. तिनं वाळूतला एक दगड उचलला, अंगठा न लावता, नुसत्या तळव्यात धरून, आणि फेकला. तो कुत्र्यांपर्यंत पोचला नाही. कुत्र्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा दोरीकडे बघायला लागली.